गुहेचा वास अंगावर घेऊन कुर्ल्याला उतरताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटायला नको. वय एकतीस. भांडुपला सासू-सासरे आणि नवऱ्याबरोबर वन बीएचके, नोकरी बीकेसीत. साडेचौदा हजार रुपये मोजून ५० मिलीची एक परदेशी शिशी घेतलीत. तिला ना फुलांचा वास, ना फळांचा. ओला दगड, विझलेली धुनी, थोडा कापूर आणि तळाशी वाळा. नवरा म्हणतो, लेण्यात शिरल्यासारखं वाटतं, मस्त आहे. सासूबाई म्हणतात, "घरात कोणी गेल्यासारखा वास येतोय." शेजारच्या डेस्कवरच्या मुलीचं डोकं दुखतं. आणि ऑफिसच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "मॅडम, गावची आठवण आली." आता तुम्हाला कळत नाहीये की यातलं खरं कोण, वास वाईट आहे की आपलं नाक, आणि शिशी वापरावी की विकून टाकावी.

विकू नका. पण आत्ता वापरताय तशी वापरूही नका. मानेवर दोन, दोन्ही मनगटांवर एकेक आणि ओढणीवर एक, असे पाच फवारे तुम्ही लिहिलेत. एवढं तर मी बॉडी मिस्टसुद्धा मारत नाही.

मी सत्तावीस वर्षं सुगंधाच्या धंद्यात इव्हॅल्युएटर म्हणून काढली. म्हणजे परफ्युमर जे बनवतो ते हुंगायचं आणि हे चालेल, हे नाही, इथे जरा कमी कर, असं सांगायचं. आयुष्य गेलं ते साबण, टाल्कम पावडर, उदबत्ती, केसांचं तेल आणि फरशी पुसायच्या फिनाइलच्या वासात. खरंखुरं परफ्यूम वर्षातून एखाद-दुसरं यायचं. (तुम्ही भांडुपच्या, म्हणजे या धंद्याच्या शेजारच्याच. नाहूर सोडलं की मुलुंड. १९२२ साली सुरू झालेल्या, सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या एस. एच. केळकर कंपनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथल्याच वझे कॉलेजात परफ्युमरीचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. पुण्या-मुंबईची मुलं फ्रान्सला जायची स्वप्नं बघतात आणि सेंट्रल लाइनवर काय आहे ते त्यांना माहीत नसतं.)

आता एक कबुली. वीसेक वर्षांपूर्वी भाच्याचं लग्न होतं, दादरच्या एका एसी हॉलमध्ये. त्या आठवड्यात आमच्याकडे बर्च टार घातलेला एक नमुना आला होता. बर्च झाडाच्या सालीपासून काढतात ते हे डांबरासारखं काळं तेल. जुन्या रशियन चामड्याला जो धुरकट वास असायचा तो याचाच. थेंबाच्या हिशेबात वापरायची चीज. पण मला तो नमुना इतका आवडला होता की ब्लाउजवर, पैठणीच्या पदराखाली, चांगला चोपडून गेले. मुहूर्ताला वीस मिनिटं असताना हॉलचा मॅनेजर धावत आला. कुठेतरी वायर जळतेय म्हणे. मेन स्विच बंद झाला. दिवे गेले, एसी गेला, स्पीकरवरची सनई मध्येच तुटली. दोन वायरमन भिंतींना नाक लावून फिरायला लागले. भटजी घामाने निथळत होते. माझ्या लक्षात सगळं आलं होतं, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. बाथरूममध्ये जाऊन ब्लाउज पाण्याने चोळला आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसले. भाच्याला अजून माहीत नाही.

ही गोष्ट हसण्यावारी नेली तरी त्यात एक नेमकी गोष्ट आहे. त्या दिवशी मॅनेजर माझ्या खुर्चीजवळून दोनदा गेला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो भिंतींकडे बघत होता. मोगऱ्याचं अत्तर लावलेल्या बाईजवळून गेलं की माणूस बाईकडे बघतो. तुमच्या शिशीसारखा वास आला की माणूस आजूबाजूला बघतो. तो वास त्याला तुमचा वाटतच नाही, त्या जागेचा वाटतो. सासूबाईंना घर आठवलं, काकांना गाव, नवऱ्याला लेणं. चौघांपैकी एकानेही "तुला छान वास येतोय" असं म्हटलेलं नाही, हे तुमच्याच पत्रात आहे, परत वाचून बघा. असलं परफ्यूम लावणं म्हणजे आपल्याभोवती एक खोली घेऊन फिरणं. त्या खोलीत कोणाकोणाला, न विचारता, ओढायचं एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे.

असली परफ्युम्स बनवणारे वेडे नाहीत, आणि हा प्रकार काल-परवाचाही नाही. १९९८ साली कॉम दे गार्सों या जपानी फॅशन कंपनीने ओदर ५३ नावाचं परफ्यूम काढलं. त्यात वाऱ्यावर वाळणारे धुतलेले कपडे, नेलपॉलिश, जळकं रबर, वाळूच्या टेकड्या असल्या वासांचा दावा होता. त्याच वर्षी बुल्गारीचं ब्लॅक आलं, रबर आणि धुरकट चहाचं. अमेरिकेत डिमीटरने चक्क डर्ट नावाने मातीचा वास बाटलीत भरला. २००६ साली एता लिब्र दोरांजने सेक्रेसिओं मान्यिफीक काढलं, ज्यात रक्त, घाम आणि दूध यांचा आभास आहे. ते हुंगून चेहरा वाकडा न करणारा माणूस मी क्वचितच पाहिला. माझ्या मते ते परफ्यूम एकदा हुंगायचं असतं, अंगाला लावायचं नसतं. तुमचं त्या जातीचं नाही. तुमचं साधं, सोज्वळ आहे. फक्त त्याला आपण सुगंध म्हणून ओळखायला शिकलेलो नाही.

आणि गंमत अशी की यात आपण जगाच्या पुढे होतो. पावसाच्या वासाला इंग्रजीत पेट्रिकोर हे नाव १९६४ साली मिळालं. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये लेख लिहून ते दिलं. ग्रीक शब्दांची जोडणी आहे: दगड आणि देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. तुमचा ओला दगड इथे नावातच आहे. त्या दोघांनीच त्या लेखात नोंदवलं की उत्तर प्रदेशात हा वास चंदनतेलात पकडून विकायचा उद्योग आधीपासून चालू आहे. कनौजचं मिट्टी अत्तर ते हेच. अर्धवट भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्याबरोबर घालतात, झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडं आणि शेण्या पेटवतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे ती धरणाऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते तो वास पिऊन घेतं. मग चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवतात, म्हणजे उरलेलं पाणी चामड्यातून उडून जातं. हल्ली चंदन परवडत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी पॅराफिन असतं. मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास तोळ्याच्या हिशेबात जे मिळतं त्यात दोन्ही प्रकार असतात, आणि भाव ऐकला की कुठला कुठे आहे ते कळतं.

मातीचा वास येतो तो मुख्यतः जिओस्मिनमुळे. मातीतले स्ट्रेप्टोमायसीज नावाचे जिवाणू हे रसायन तयार करतात, आणि माणसाचं नाक ते कल्पनेपलीकडच्या कमी प्रमाणात ओळखतं: एक लाख कोटी भाग पाण्यात पाच-दहा भाग असले तरी पुरे. बिटाला जो मातकट वास येतो तोही याचाच. आणि मुंबईकरांसाठी खास गोष्ट: तळ्यातल्या रोहू-कटल्याला येणारा वासही बऱ्याचदा याचाच. माझ्या माहेरी, गिरगावात, गोड्या पाण्यातला मासा घरात येत नसे. आजी म्हणायची, "चिखल खायचा असेल तर मासा कशाला हवा?" तीच आजी सात जूनच्या आसपास पहिला शिडकावा झाला की गॅलरीत उभी राहून छाती भरभरून श्वास घ्यायची. रसायन तेच, नाक तेच. ताटात आलं तर घाण, गॅलरीत आलं तर अमृत. आता तुमच्या कॉलरवर आलं तर काय, याचं उत्तर कुठल्याच आजीने आपल्याला दिलेलं नाही. म्हणून लोक गोंधळतात.

सासूबाईंचं मला सगळ्यात जास्त पटलं. त्या चुकीचं काही बोलल्या नाहीत. त्यांचं नाक उत्तम आहे, हे आधी मान्य करा. आपल्याकडे कापूर आरतीला आणि स्मशानात, दोन्हीकडे. उदबत्त्यांचा पुडा देवापुढे एकेक करून संपतो, पण माणूस गेला की उशाशी अख्खी जुडी लावतात. त्यामुळे बंद खोलीत साचलेला, थंड झालेला धूर आणि कापूर म्हटलं की त्या पिढीच्या डोळ्यांपुढे काय उभं राहणार? बांद्र्याच्या एखाद्या कॅथलिक बाईला हाच वास दिलात तर तिला रविवारची मास आठवेल, पारशी माणसाला अग्यारी, माहीमला दर्ग्याजवळ वाढलेल्याला गुरुवारचा लोबान. धूर जवळपास सारखाच, त्याच्या मागचं घर वेगळं.

इथे शब्दाचाही एक घोळ आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत ऊद म्हणजे झाडाचा डिंक, निखाऱ्यावर टाकायचा, लोबानाचा भाऊ. उदबत्ती त्यावरूनच आली. परदेशी बाटल्यांवर जो ऊद लिहिलेला असतो तो वेगळा: आसामातल्या अगराच्या झाडाला बुरशी लागली की खोडात जे काळं, राळेने भरलेलं लाकूड तयार होतं, त्याचं तेल. त्याला गोठ्याचा, चामड्याचा, कधी कधी कुजलेल्या चीजचा वास येतो. मॉलमध्ये मराठी बायका "ऊद आहे ना, मग घ्या, देवघरासारखा असेल," म्हणून घेतात आणि घरी येऊन नवऱ्याला चप्पल बाहेर काढायला सांगतात. तुमच्या शिशीत नावाला ऊद नाही हे तुमचं नशीब.

डेस्कवरच्या मुलीचं मात्र वेगळं आहे. तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच घेऊ नका. अर्धशिशी असणाऱ्यांना तीव्र वास खरोखर सहन होत नाही, दम्याचाही त्रास होऊ शकतो. "तुला वासाचं कळत नाही," असं तिला चुकूनही म्हणू नका. शिवाय दुसरी एक शक्यता आहे, जी परफ्यूम विकणारे कधी सांगत नाहीत. माणसाच्या नाकात वास ओळखणारी साधारण चारशे प्रकारची ग्राहकं असतात आणि ती प्रत्येकाची थोडी वेगळी असतात. अँड्रोस्टेनोन नावाचं रसायन कुणाला लघवीसारखं वाटतं, कुणाला गोडसर व्हॅनिलासारखं, आणि कुणाला त्याचा वासच येत नाही. याचा संबंध एका विशिष्ट जनुकाशी आहे हे २००७ साली दाखवलं गेलं. परफ्युमरीत असं रोज होतं. कस्तुरीचे मोठे रेणू अनेकांना येतच नाहीत. आणि तुमच्यासारख्या कोरड्या, धुरकट परफ्यूममध्ये हल्ली सर्रास घालतात ती अंबर-लाकडाच्या घराण्यातली तीव्र कृत्रिम द्रव्यं: एकाला सौम्य उबदार वाटतात, दुसऱ्याच्या कपाळात खिळ्यासारखी घुसतात. आमच्या पॅनेलवर आठ जणी असायच्या. अशा नमुन्याला एकजण वासच येत नाही म्हणून शून्य द्यायची आणि तिच्या शेजारची उठून खिडकी उघडायची. दोघी खोटं बोलत नव्हत्या. तेव्हा तुम्हाला मंद वाटणारा थर तिला ओरडणारा असू शकतो. दोन आठवडे ऑफिसला ते लावू नका, मग एकच फवारा, कपड्याच्या आत, आणि तिला न सांगता. डोकं परत दुखलं तर ऑफिसपुरतं ते बंद. तिला तुमच्यासमोरून उठून जाता येत नाही, नाही का?

खरा नियम मला विचाराल तर हाच आहे. जिथे लोकांना हलता येतं तिथे वाटेल ते लावा. जिथे हलता येत नाही तिथे जपून. शिवाजी पार्कचा कट्टा, मरीन ड्राइव्ह, राणीबाग: खुशाल. लिफ्ट, एसी कॅब, हॉस्पिटल, मयताला भेटायला जाणं: नाही. नाट्यगृहात तर नाहीच नाही. शिवाजी मंदिरात तीन तास कोणाला तरी तुमच्या शेजारी बसायचंय, त्याने तिकीट नाटकाचं काढलंय.

लोकल हा स्वतंत्र विषय. भांडुप ते कुर्ला वीस-एक मिनिटं, सकाळी, लेडीज डब्यात. तिथे माणसांतलं अंतर वितीचंसुद्धा नसतं. परफ्यूमची पुस्तकं सांगतात, मानेवर लावा, कानामागे लावा. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आठ बावन्नची गाडी पाहिलेली नाही. तिथे तुमची मान म्हणजे मागच्या बाईच्या नाकाखालची जागा. आणि हात वर करून कडी धरलीत की मनगट बरोबर कोणाच्या तरी चेहऱ्यासमोर. म्हणजे तुम्ही निवडलेल्या चारही जागा नेमक्या उलट्या. कोपराच्या आतली खोबणी वापरा. कुर्त्याच्या आत, बरगडीवर, एक फवारा. एवढंच. स्वतःला हवा असेल तेव्हा कोपर दुमडून नाकाशी न्या. वास तुमच्याजवळ राहतो, बाकीच्यांना आला तर फुटाच्या आतच.

जुन्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. हळदीकुंकवाला अत्तर तळहाताच्या मागे लावायचे, अर्धा थेंब. पुरुष कानाच्या पाळीत कापसाचा फाया खोचायचे. दिवसभर पुरायचा, आणि नको झाला की काढून टाकायचा. फवाऱ्याला ती सोय नाही, एकदा मारला की मारला. त्यामुळे माझा सल्ला असा की पाच मिलीची छोटी शिशी भरून घ्या, सुती रुमालावर एक फवारा मारून तो प्लास्टिकच्या डबीत ठेवा. कुर्ल्याला उतरून बीकेसीच्या रिक्षाच्या रांगेत उभ्या असताना डबी उघडायची. तुमची गुहा, तुमच्यापुरती, पंधरा सेकंद.

कमी लावा म्हणतेय याचं कारण निव्वळ शिष्टाचार नाही. प्रमाण बदललं की वास बदलतो, नुसता वाढत-घटत नाही. हिंगाचा डबा उघडा आणि हुंगा, मग तोच हिंग चिमूटभर फोडणीत टाका. या दोन गोष्टींना एकच नाव आहे यावर परदेशी माणसाचा विश्वास बसत नाही. इंडोल नावाचं द्रव्य आहे, जास्त असलं की डांबरगोळी आणि शौचालय यांच्या मधलं काहीतरी, अगदी थोडं असलं की मोगरा जिवंत वाटतो. ते काढून टाकलेला कृत्रिम मोगरा टाल्कम पावडरसारखा लागतो. तुमच्या कापराचं आणि धुराचं हेच होणार. पाच फवाऱ्यांत ते अंत्यदर्शन आहे, एकात देवघर. पावसाचंही तसंच बघा. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं की थेंब सच्छिद्र जमिनीवर पडला की त्याच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि मातीतले कण हवेत उडवतात. आणि हे हलक्या-मध्यम सरीत जास्त होतं, धो-धो पावसात कमी. म्हणूनच तर जुलैच्या मुसळधारेला तो पहिला वास नसतो.

जुलैवरून आठवलं. पावसाळ्यात हे परफ्यूम कपाटात ठेवा, हे मी अगदी ठासून सांगेन. लोकांना वाटतं, पावसाचा वास पावसात लावावा. मुंबईत जुलैमध्ये सगळ्या घरांत दोऱ्या बांधलेल्या असतात आणि कुर्ते पंख्याखाली तीन तीन दिवस वाळत असतात. त्या ओल्या कपड्यांत जिवाणू वाढतात आणि जो आंबूस वास येतो तो सगळ्या शहराला पाठ आहे. अशा वेळी तुमच्या अंगावरून ओल्या भिंतीचा, दगडाचा वास आला की शेजारची बाई काय समजणार? हिचा कुर्ता वाळला नव्हता. साडेचौदा हजार पाण्यात, शब्दशः. त्याउलट मार्च-एप्रिलमध्ये, किंवा मेच्या मध्यावर, शहर तापून कोरडं झालेलं असताना एक फवारा मारून बघा. तेव्हा ओल्या दगडाची लोकांना तहान लागलेली असते. गेटवरच्या काकांनी गावची आठवण सांगितली ती कुठल्या महिन्यात, तुम्ही लिहिलं नाहीत. मी पैज लावते, पाऊस नसणार.

दमट हवेत नाकही जास्त टिपतं आणि घाम वासात मिसळतो, तेव्हा ऑक्टोबर हीटमध्ये निम्मं करा. जानेवारीत, जे काय चार थंड दिवस येतात त्यांत, दोन फवारे चालतील. त्वचेवर हे कसं उतरतं ते मात्र घाईत ठरवू नका. पहिली पंधरा मिनिटं कापूर आणि धूर वर असतात, म्हणजे नेमका सासूबाईंना न आवडणारा भाग. नंतर ते उडून वाळा उरतो. वाळ्याशी त्यांचं भांडण असायचं कारण नाही, माठात त्याची जुडी टाकणारी ती पिढी आहे. अडचण एवढीच की तुम्ही हे घरातून निघताना लावता, त्यामुळे घरच्यांच्या वाट्याला पहिली पंधरा मिनिटं येतात आणि चांगला भाग कांजूरमार्गच्या पुढे सुटतो. आंघोळीनंतर लगेच, खिडकी उघडी ठेवून लावा, मग डबा भरा, चहा घ्या. निघेपर्यंत ते शांत झालेलं असेल. हवं तर आधी बरगडीवर चंदनाच्या अत्तराची एक बारीक रेघ ओढा. चंदन अशा टोकदार वासांना धरून ठेवतं आणि गोल करतं. मोगरा किंवा गुलाब त्यावर चढवू नका, हार घातलेला फोटो होईल.

मनगटं एकमेकांवर घासू नयेत, रेणू फुटतात, असं इंटरनेटवर सगळे सांगतात. काही फुटत नाही. घासल्याने ऊब येते आणि वरचा थर लवकर उडतो, तुमच्या बाबतीत तर तो उडालेलाच बरा. दुकानातले कॉफीचे दाणेही तसेच, साधी हवा घेतल्यापेक्षा त्यांनी नाक जास्त ताजं होत नाही. आणि वीस मिनिटांनी स्वतःला वास येईनासा झाला म्हणून परत फवारू नका. वास गेलेला नाही, तुमच्या नाकाने त्याकडे लक्ष देणं सोडलंय. बहुतेक तुमच्या पाच फवाऱ्यांची गोष्ट इथूनच सुरू झाली असणार.

शेवटी राहिलं, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं. लपवू नका आणि भाषणही देऊ नका. नाव द्या. वासाचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या रेचल हर्झ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकच आंबट वास लोकांना दोनदा दिला होता, एकदा पार्मेझान चीज म्हणून आणि एकदा उलटी म्हणून. शब्द बदलला की त्याच लोकांचं मत बदललं. म्हणजे नाव आधी पोचलं पाहिजे, मत बनायच्या आधी. लिफ्टमध्ये कोणी आजूबाजूला बघत नाक वर केलं की म्हणायचं, "माझं परफ्यूम आहे, ओल्या दगडाचं." मला खात्री आहे, निम्मे लोक परत एकदा श्वास घेतील. बाकीचे निम्मे पुढच्या मजल्यावर उतरतील, त्यांना उतरू द्या.

सासूबाईंना मात्र नाव सांगायला जाऊ नका. त्यांना विचारा की त्यांना कोण आठवलं. "कोणी गेल्यासारखा" म्हणाल्यात त्या. मोघम नाही हो ते, बहुतेक त्यांच्या मनात एक ठरावीक घर आहे, एक ठरावीक दुपार. ती त्यांनी सांगितली तर ऐका, आणि मग घरात हे परफ्यूम लावायचं की नाही ते तुमचं तुम्हाला कळेल.

आणि शिशी बाथरूममध्ये ठेवली असेल तर आजच काढा. वाफ आणि उष्णता दोन्ही तिला सोसवत नाहीत. खोक्यासकट गोदरेजच्या कपाटात ठेवा, पण साड्यांच्या खणात नको, तिथे डांबरगोळ्या असतात.